कमलाबाई सोहोनी आणि पेशीतील निरोप्या

दुर्गाबाई भागवत यांचे नाव मराठी वाचकांना सुपरिचित आहे. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई मात्र विज्ञानाच्या इतिहासात शोधाव्या लागतात. त्यांचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत घडलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो केवळ स्त्री म्हणून फेटाळला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर वर्षभर परीक्षेवर आणि पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित न करण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने घातलेली ही अट आजही खटकते. वर्षभरानंतर रामन यांचे मत बदलले व संस्थेची दारे इतर मुलींनाही खुली झाली.

पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन असते, असे त्यांनी दाखवून दिले. श्वसनक्रियेत हे प्रथिन इलेक्ट्रॉन एकाकडून घेऊन दुसऱ्याकडे सोपवते, आणि त्यातूनच पेशीला ऊर्जा मिळते. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

या प्रथिनाचे दुसरे रूप उमगण्यास १९९६ साल उजाडावे लागले. प्राण्यांच्या पेशीला भारी इजा झाली की सायटोक्रोम सी तंतुकणिकेतून बाहेर पेशीद्रवात येते आणि तेथील एका नियामक प्रथिनाला जाऊन बिलगते. त्यातून एकामागून एक विकरे जागी होतात व पेशी शिस्तीने स्वतःला संपवते. हा निरोप वेळेवर पोहोचला नाही, तर बिघडलेल्या पेशी जगत राहतात. कर्करोगाच्या संशोधनात म्हणूनच या साखळीला मोल आहे. ऊर्जेचा हमाल समजले गेलेले प्रथिन मृत्यूचा निरोप्याही निघाले!

१९४७ मध्ये विवाहानंतर कमलाबाई मुंबईत आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत नीरा, डाळी, तांदळाचे पीठ अशा गरिबांच्या अन्नाचा त्यांनी अभ्यास केला. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना चार वर्षे उशिरा लाभले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्याच समारंभात त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.