हक्सली यांची शिफारसपत्रे

केसाच्या मुळाभोवती जे आवरण असते, त्यातल्या एका पेशीथराला वैद्यकाची पुस्तके आजही ‘हक्सलीचा थर’ म्हणतात. थॉमस हेन्री हक्सली यांनी १८४५ मध्ये तो दाखवून दिला, तेव्हा ते लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात शिकणारे वीस वर्षांचे विद्यार्थी होते.

पुढे नौदलाच्या ‘रॅटलस्नेक’ जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून ते ऑस्ट्रेलियाकडे गेले. वाटेत जेलीफिशसारख्या नाजूक जलचरांची चिरफाड करून निबंध इंग्लंडला पाठवत राहिले. सिडनीत हेन्रिएटा हीथॉर्न यांच्याशी त्यांचे लग्न ठरले. पण हाती कायमची नोकरी नव्हती, आणि नोकरीशिवाय संसार मांडणे शक्य नव्हते.

१८५० मध्ये ते परतले. पुढच्याच वर्षी, सव्विसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्यानंतरच्या वर्षी पदकही. मान भरपूर, पण जागा एकही नाही! टोरांटोतील प्राध्यापकपदासाठी त्यांनी नामवंतांची शिफारसपत्रे जमवली. त्यांत चार्ल्स डार्विन यांचेही होते. जागा मिळाली ती विल्यम हिंक्स यांना. त्यांचे भाऊ तिथल्या सरकारचे प्रमुख होते. शिफारस आणि वशिला यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार? ॲबर्डीन, कॉर्क, लंडनचे किंग्ज कॉलेज, सगळीकडे नकारच आला.

शिफारस मागणेही सोपे नव्हते. शरीररचनाशास्त्रातले बडे प्रस्थ रिचर्ड ओवेन यांना हक्सलींनी पत्र लिहिले. दहा दिवस उत्तर नाही. मग रस्त्यात गाठ पडली, तेव्हा ओवेन यांनी विनंती मान्य असल्याचे अशा काही थाटात सांगितले, की हक्सलींना त्यांना गटारात ढकलून द्यावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी पत्र आले, ते मात्र मोकळ्या मनाने केलेल्या कौतुकाचे होते.

१८५४ मध्ये पुन्हा समुद्रावर जायला नकार दिल्यामुळे नौदलाने त्यांचे नाव कमी केले. तुटपुंजा अर्धा पगारही गेला. त्याच उन्हाळ्यात त्यांचे पाठीराखे एडवर्ड फोर्ब्ज एडिनबरोला गेले आणि खाणकाम विद्यालयातली त्यांची व्याख्यात्याची जागा हक्सलींना मिळाली. सिडनीत ठरलेले लग्न १८५५ मध्ये, आठ वर्षांनी लागले.

माणसाच्या आणि वानराच्या मेंदूवरून पुढे ओवेन आणि हक्सली यांच्यात जाहीर वाद पेटला. ओवेन वारल्यावर त्यांच्या नातवाने आजोबांचे चरित्र लिहिले. त्यांच्या शास्त्रीय कामगिरीचे मूल्यमापन करणारे प्रकरण त्यात हक्सलींनी लिहून दिले.