बहिणीला पगार नसतो : आखनच्या फ्रान्सिस्का शेर्व्हिए

जर्मनीतील रुग्णालयात वयस्कर रुग्ण आजही परिचारिकेला श्वेस्टर, म्हणजे बहीण, अशी हाक मारतात. कायद्याने हे पदनाम २००४ सालीच रद्द केले आणि २०२० पासून तर स्त्री-पुरुष दोघांसाठी नवे व्यावसायिक नाव रूढ केले; हाक मात्र टिकून राहिली. ससून किंवा केईएमच्या वॉर्डातही सिस्टर हाच शब्द ऐकू येतो. हा शब्द मठातून आला. मठात बहिणीला जेवण मिळते, कपडे मिळतात, म्हातारपणी कोपरा मिळतो. पगार मिळत नाही. परिचारिकांच्या वेतनश्रेणीवरून कामगार संघटना आणि सरकार यांच्यात गेले शतकभर जी ओढाताण चालली आहे, तिचे एक मूळ या साध्या गोष्टीत आहे. आखन शहरात ते मूळ शोधू गेले, तर फ्रान्सिस्का शेर्व्हिए यांच्या नावापाशी यावे लागते.

१८१८ च्या शरद ऋतूत युरोपचे राज्यकर्ते आखनमध्ये जमले होते. नेपोलियनच्या पाडावानंतर फ्रान्समध्ये ठेवलेल्या फौजा मागे घेण्याचा निर्णय तेथे झाला. त्या परिषदेला ऑस्ट्रियाचे सम्राट पहिले फ्रान्झ उपस्थित होते. त्यानंतर थोड्याच काळाने, ३ जानेवारी १८१९ रोजी, सुयांचे कारखानदार योहान हाइनरिश शेर्व्हिए यांच्या घरी कन्या जन्मली. सम्राट तिचे धर्मपिता झाले आणि त्यांच्याच नावावरून तिचे नाव फ्रान्सिस्का ठेवले गेले. वडील शहराच्या कारभारातही वजनदार होते. आई मूळची फ्रेंच घराण्यातली. ज्या घरातील मुलीने पुढे भिक्षेवर संस्था चालवली, त्या घराचा दरवाजा असा राजघराण्यापर्यंत उघडत होता.

त्या काळचे आखन म्हणजे सुया आणि लोकरी कापड. सुईच्या कारखान्यात लहान मुलांची बारीक बोटे उपयोगी पडत, म्हणून मुले कामाला लावली जात. नऊ वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेऊ नये, हा नियम प्रशियाने केला तो १८३९ मध्ये. तोवर असा कोणताच आडकाठीचा कायदा नव्हता. ३० ऑगस्ट १८३० रोजी शहरात कामगारांचा उठाव झाला. एका कापड गिरणीत मजुरीतून कापून घेतल्या जाणाऱ्या रकमांवरून ठिणगी पडली आणि जमाव यंत्रनिर्माते कॉकरिल यांच्या वाड्यावर चालून गेला. श्रीमंत नागरिकांच्या सशस्त्र पथकाने तो मोडून काढला. फ्रान्सिस्का तेव्हा अकरा वर्षांची होती आणि कारखानदाराच्या घरात राहत होती. मजुरीचा प्रश्न तिच्या लहानपणी असा थेट रस्त्यावर आलेला होता. तिने पुढे निवडलेली वाट मात्र मजुरीच्या हिशेबातून बाहेर पडण्याची होती, आणि तिच्या आयुष्याकडे आजच्या नजरेने पाहताना हीच गोष्ट सर्वांत जास्त अडखळायला लावते.

१८३२ मध्ये आई गेली. पाठोपाठ मोठ्या बहिणीही गेल्या आणि तेराव्या वर्षी घराचा कारभार तिच्या हाती आला. सेंट लिओनहार्ड शाळेत तिला लुइझे हेन्झेल या कवयित्री शिक्षिका लाभल्या. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी तिघींनी पुढे धर्मभगिनींचे संघ स्थापन केले : अनाथ मुलांसाठी काम उभारणाऱ्या क्लारा फाय, पाडरबोर्नमध्ये अंध मुलांचे काम करणाऱ्या पाउलिने फॉन मालिंकरोट आणि फ्रान्सिस्का शेर्व्हिए. एका वर्गातून तीन संस्थापिका निघणे हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. शिकलेल्या, सुस्थितीतील कॅथलिक मुलीला त्या काळी लग्नाव्यतिरिक्त जगात कर्तृत्व दाखवण्याची दुसरी जागा जवळजवळ नव्हतीच.

घरातील वस्तू गुपचूप गरिबांना पोहोचवण्यापासून फ्रान्सिस्का यांच्या कामाची सुरुवात झाली. मग योझेफ इस्टास या तरुण धर्मगुरूने गरिबांसाठी सुरू केलेल्या सूपच्या स्वयंपाकघरात त्या राबू लागल्या. आजाऱ्यांच्या घरी जाण्याला वडिलांचा विरोध होता. १८४५ च्या आरंभी वडील वारले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला चार मैत्रिणींसह त्या याकोब वेशीबाहेरच्या एका लहान घरात राहायला गेल्या. पुढे ज्याला संत फ्रान्सिसच्या गरीब भगिनींचा संघ म्हणून ओळखले जाऊ लागले, त्याचा हा आरंभ. फ्रान्सिस्का तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या.

घरात नियमित उत्पन्न नव्हते. शहरातील सधन लोकांच्या देणग्यांवर चूल पेटायची. अशा स्थितीत त्यांनी वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणाऱ्या स्त्रियांना घरात आसरा दिला. त्यांतल्या कित्येकींना गुप्तरोग जडलेले होते. देणगीदारांना हे रुचले नाही आणि काहींनी हात आखडता घेतला. फ्रान्सिस्का यांनी स्त्रियांना बाहेर काढले नाही. दानशूरांच्या मर्जीवर चालणारे काम त्या मर्जीबरोबर बुडू शकते, याचा हा त्यांना आलेला पहिला रोकडा अनुभव. त्यावर त्यांनी काढलेले उत्तर होते आणखी कमी खर्चात राहण्याचे.

मग साथी आल्या. १८४८-४९ च्या सुमारास कॉलरा, देवी आणि विषमज्वराने शहर गाठले. पालिकेच्या मालकीच्या जुन्या डॉमिनिकन मठाच्या इमारतीत रुग्णालय उघडावे लागले आणि या भगिनी तेथे परिचर्येला उभ्या राहिल्या. त्या काळच्या सार्वजनिक रुग्णालयात परिचर्या करणारे माणूस म्हणजे पगारी सेवक : शिक्षण नाही, मजुरी तुटपुंजी, समाजात किंमत मोलकरणीपेक्षाही कमी. कॉलऱ्याच्या वॉर्डात असे सेवक मिळणे आणि टिकणे कठीण. याउलट भगिनी मागे हटत नव्हत्या, चोरी करत नव्हत्या, दारू पीत नव्हत्या, आणि पैसे मागत नव्हत्या. नगरपालिकेच्या दृष्टीने यातला शेवटचा गुण काही लहान नव्हता. परिचर्येची प्रतिष्ठा वाढली ती याच दिवसांत. पण पगार घेणारी परिचारिका हलकी आणि न घेणारी थोर, ही समजूतही याच दिवसांत घट्ट झाली.

२ जुलै १८५१ रोजी कोलोनच्या आर्चबिशपांनी संघाला मान्यता दिली आणि ऑगस्टमध्ये फ्रान्सिस्का व त्यांच्या तेवीस सहकारिणींनी संघाचा वेष धारण केला. पुढच्या वर्षी शहरातील एका जुन्या मठाची वास्तू मिळून तेथे मातृगृह उभे राहिले. मातृगृह हा जर्मन परिचर्येच्या इतिहासातील कळीचा शब्द आहे. प्रोटेस्टंट पंथात थेओडोर फ्लीडनर यांनी १८३६ मध्ये ड्युसेलडोर्फजवळच्या कायझर्सव्हेर्ट येथे त्याचा घाट घातला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तेथेच काही काळ शिक्षण घेतले. पंथ वेगळे, व्यवहार मात्र सारखाच. रुग्णालयाने करार करायचा तो मातृगृहाशी. मातृगृहाने बहिणी पाठवायच्या, हवे तेव्हा परत बोलवायच्या, आजारपणात आणि म्हातारपणी त्यांना सांभाळायचे. मोबदला जो काही ठरेल तो मातृगृहाकडे. प्रत्यक्ष रात्रपाळी करणाऱ्या स्त्रीच्या हातात काही येत नसे, आणि तिने ते मागणे म्हणजे व्रतभंग.

आज ही व्यवस्था शोषणाची वाटते. तरी तिची दुसरी बाजू दाखवल्याशिवाय फ्रान्सिस्का यांना न्याय मिळत नाही. १८५० च्या दशकात प्रशियातील विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून फारसे व्यवहार करता येत नसताना, ही स्त्री इमारती मिळवत होती, नगरपालिका आणि धर्मसत्ता यांच्याशी वाटाघाटी करत होती, नवनव्या शहरांत शाखा उघडत होती. मृत्युदंड झालेल्या कैद्यांना त्या तुरुंगात जाऊन भेटत. संघातील बहिणीला मजुरी नव्हती, पण उद्या आजारी पडलो तर रस्त्यावर येऊ ही धास्तीही नव्हती. आखनच्या कापड गिरणीतील बाईला मजुरी होती आणि धास्तीही होती.

१८५८ मध्ये सिनसिनाटीतील सेरा पीटर या प्रतिष्ठित बाईंच्या विनंतीवरून आखनच्या भगिनी अमेरिकेला गेल्या. तेथे जर्मन स्थलांतरितांची दाट वस्ती होती आणि आपल्या भाषेत विचारपूस करणारे रुग्णालय त्यांना हवे होते. परदेशी आजारी पडलेल्या कोणालाही ही गरज समजावून सांगावी लागत नाही. १८६३ मध्ये फ्रान्सिस्का स्वतः अटलांटिक ओलांडून गेल्या. यादवी युद्ध भरात होते. जखमी सैनिकांच्या शुश्रूषेत त्याही सामील झाल्या. १८६८ मध्ये त्यांची दुसरी खेप झाली. तोवर ओहायोपासून न्यूयॉर्क-न्यू जर्सीपर्यंत संघाची रुग्णालये उभी राहिली होती.

इकडे प्रशियाच्या युद्धांत, १८६४, १८६६ आणि १८७०-७१ मध्ये, भगिनींनी लष्करी इस्पितळांत काम केले. त्यानंतर बिस्मार्क यांनी कॅथलिक धर्मसत्तेविरुद्ध मोहीम उघडली. ३१ मे १८७५ च्या कायद्याने प्रशियातील धार्मिक संघ बरखास्त झाले; अपवाद फक्त केवळ रुग्णसेवा करणाऱ्यांचा. क्लारा फाय यांच्या संघाला सीमेपलीकडे हॉलंडमध्ये जावे लागले. फ्रान्सिस्का यांचा संघ आखनमध्ये राहू शकला. शासनाला धर्मभगिनी नको होत्या, पण फुकट परिचारिका गमावणे परवडणारे नव्हते. १४ डिसेंबर १८७६ रोजी, सत्तावन्नाव्या वर्षी, फ्रान्सिस्का आखनमध्येच निवर्तल्या. जवळजवळ शंभर वर्षांनी, २८ एप्रिल १९७४ रोजी, पोप सहावे पॉल यांनी त्यांना धन्य घोषित केले.

त्यांनी गरिबी स्वतः निवडली होती. त्यांच्यानंतर आलेल्या हजारो परिचारिकांनी ती निवडली नव्हती, तरी व्यवस्थेने त्यांच्याकडून तीच अपेक्षा केली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मातृगृह सोडून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या परिचारिका वाढू लागल्या. समाज त्यांना रानटी भगिनी म्हणे. त्यांना धड पगार नव्हता, विमा नव्हता, म्हातारपणाची सोय नव्हती. मातृगृहातून बाहेर पडलेल्या आणि कष्टांनी स्वतःची प्रकृती गमावलेल्या आग्नेस कार्ल यांनी ११ जानेवारी १९०३ रोजी बर्लिनमध्ये अशा परिचारिकांची व्यावसायिक संघटना स्थापन केली. परिचर्या हा व्यवसाय आहे, त्याला शिक्षण, परीक्षा आणि मोबदला हवा, ही त्यांची भूमिका. १९०७ मध्ये प्रशियाने परिचर्येची सरकारी परीक्षा सुरू केली. १९१२ मध्ये परिचारिकांची आंतरराष्ट्रीय परिषद आखनपासून जवळच, कोलोन येथे कार्ल यांच्याच अध्यक्षतेखाली भरली आणि तेथे अतिश्रमाचा प्रश्न ऐरणीवर आला. तरीही १९२४ च्या सरकारी आदेशाने इतर कामगारांना मिळालेला आठ तासांचा दिवस रुग्णालयांना लागू झाला नाही. परिचर्येसाठी आठवड्याला साठ तासांपर्यंत काम चालू राहिले.

मातृगृहाची सावली त्याहूनही लांब पडली. १९५६ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने रेड क्रॉसच्या भगिनींना कामगार मानण्यास नकार दिला. ज्यांचे काम मुख्यतः उपजीविकेसाठी नसून धार्मिक किंवा सेवाभावी प्रेरणेने होते, त्यांना कामगार समित्यांविषयीच्या कायद्याने आजही कामगारांच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे. एसेनमधील एका रुग्णालयातील कामगार समितीने अशाच एका भगिनीच्या नेमणुकीवर हरकत घेतली, तेव्हा प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि २०१६ मध्ये तिला कंत्राटी कामगारांचे संरक्षण लागू होऊ शकते, असा निकाल लागला. महाराष्ट्रातील वाचकांना यात आशा स्वयंसेविका आठवतील. त्यांचेही पदनाम स्वयंसेविका आणि त्यांना मिळतो तो कामागणिक मोबदला. वेतनश्रेणी मागायची तर आधी आपण कर्मचारी आहोत हेच सिद्ध करावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मठात जाणाऱ्या मुली घटल्या आणि भगिनींच्या जागी पगारी माणसे नेमणे भाग पडले. एवढी वर्षे हिशेबात न आलेला खर्च रुग्णालयांच्या वह्यांत दिसू लागला. ती पोकळी भरण्यासाठी १९६० च्या दशकात कॅथलिक संस्थांमार्फत केरळच्या तरुण मुली जर्मनीत आणल्या गेल्या. जर्मनीतील भारतीय परिचारिकांची पहिली पिढी ती. सार्वजनिक सेवेच्या वेतन करारात परिचर्येसाठी स्वतंत्र श्रेण्या आहेत आणि महापालिकांच्या रुग्णालयांसाठी २०१७ पासून नवी तालिका लागू आहे. शिक्षण किती, जबाबदारी कोणती, अनुभव किती वर्षांचा, यावरून रकाना ठरतो. चर्चच्या रुग्णालयांत मात्र वेतन अजूनही प्रामुख्याने चर्चच्याच आयोगात ठरते आणि संपाच्या हक्कावरचा वाद न्यायालयात गेलेला आहे.

२०२२ च्या मे महिन्यात नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियातील सहा विद्यापीठ रुग्णालयांत व्हेर्डी या संघटनेच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. आखन त्यांपैकी एक. या वेळी मागणी पगारवाढीची नव्हती, तर प्रत्येक पाळीला किती माणसे हवीत हे लेखी ठरवण्याची होती. संप अकरा आठवडे चालला. जुलैमध्ये झालेल्या करारानुसार ठरल्यापेक्षा कमी मनुष्यबळावर पाळी काढावी लागली, तर त्या कर्मचाऱ्याच्या खात्यावर गुण जमा होतात आणि ठराविक गुणांमागे भरपगारी सुट्टीचा एक दिवस मिळतो.