पंडिता रमाबाई : गमावले ते आणि मिळाले ते

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या विदुषी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे चरित्र वाचताना आम्हाला दरवेळी एकच प्रश्न पडतो. इतकी माणसे गमावूनही या बाई समाधानी कशा राहिल्या?

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने ते रमाबाईंना दिले. पुराणे सांगत हे कुटुंब गावोगाव फिरले. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. कलकत्त्याला विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरव केला, पण १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. पंचविशीही न गाठलेल्या रमाबाईंच्या पदरात राहिली तान्ही मनोरमा.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या समाजात त्यावर मोठी टीका झाली. मात्र बाप्तिस्म्याने लगेच मनःशांती मिळाली नाही, हे त्यांनी पुढे स्वतःच प्रांजळपणे लिहून ठेवले. आपल्या विद्येमुळे किंवा पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ ख्रिस्ताच्या कृपेने देवाने आपल्याला जवळ केले आहे, हे त्यांना पटायला आणखी आठ वर्षे लागली. आम्हाला त्यांच्या आयुष्यातले खरे वळण इथे दिसते. देवाने काय नेले यापेक्षा काय दिले, याकडे त्या पाहू लागल्या.

ही कृतज्ञता त्यांनी कामातून दाखवली. विधवांसाठी १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढे पुण्यात आले. तिथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आरोपावरून वाद पेटला आणि रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतकही दूर झाले. पण काम थांबले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. भुकेने माणसे मरताना त्यांनी लहानपणी पाहिली होती. तिथून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रियांना त्यांनी आणले. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभे राहिले. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही तिथे आल्या. शिक्षण, शेती, विणकाम, छापखाना असे सगळे तिथे चाले. रोजच्या खर्चासाठी भिस्त प्रार्थनेवर! आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासलेल्या आम्हाला हे धाडसच वाटते. पण रमाबाईंचा त्यावर पूर्ण भरवसा होता.

आपल्या हैदराबादकरांना जवळची गोष्ट म्हणजे, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यात मनोरमाबाईंनी १९१२ मध्ये शाळा काढली. आईचा उजवा हात असलेली ही लेक १९२१ मध्ये गेली. रमाबाई तेव्हा थकल्या होत्या, ऐकूही कमी येत होते. तरी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून हाती घेतलेले बायबलचे सोप्या मराठीतले भाषांतर त्यांनी पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. 'मुक्ती'च्याच छापखान्यात ते बायबल छापले गेले.

आपल्या मंडळात निरनिराळ्या श्रद्धेची कुटुंबे आहेत. रमाबाईंचा मार्ग सर्वांचा असेल असे नाही. पण निवृत्तीनंतर 'काय राहून गेले' याचीच यादी करत बसणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांच्याकडून एक गोष्ट नक्की घेता येईल. रोज झोपण्यापूर्वी जमेची बाजूही एकदा वाचावी.