सूर्यलहरींचा माग घेणाऱ्या रूबी पेन-स्कॉट

सूर्यापासून आपणांस प्रकाश व उष्णता मिळते, हे लहान मूलही जाणते. परंतु तो रेडिओलहरीही पाठवितो, हे दुसऱ्या महायुद्धापूर्वी शास्त्रज्ञांसही निश्चित ठाऊक नव्हते. या लहरींचा अर्थ प्रथम लावणाऱ्यांत रूबी पेन-स्कॉट या विदुषी होत्या.

त्यांचा जन्म २८ मे १९१२ रोजी ऑस्ट्रेलियातील ग्राफ्टन गावी झाला. सिडनी विद्यापीठात पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन त्यांनी काही काळ शाळेत शिकविले (याचा आम्हां शिक्षकांस अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी), आणि १९४१ साली त्या सिडनीच्या सरकारी प्रयोगशाळेत रडारच्या गुप्त कामावर रुजू झाल्या.

युद्ध संपले व रडारची यंत्रे सूर्याकडे वळली. डोव्हर हाइट्स येथे समुद्रकाठच्या कड्यावर एरिअल होते. सूर्योदयी त्यावर लहरी दोन वाटांनी येत; एक सरळ, दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. दोहोंच्या मिलाफाने यंत्रावरील नोंद क्रमाने चढे व उतरे, आणि त्या चढउतारावरून उगमस्थान काढता येई. १९४६ च्या आरंभी रूबीबाई व त्यांचे सहकारी पॉसी आणि मॅक्रेडी यांनी असे दाखविले की, तीव्र लहरी सबंध सूर्यबिंबातून येत नसून डागांच्या टापूतून येतात.

पुढचा शोध आम्हांस अधिकच मनोहर वाटतो. ८ मार्च १९४७ रोजी झालेला प्रचंड उद्रेक प्रथम २०० मेगासायकलवर, काही मिनिटांनी १०० वर आणि त्यानंतर ६० वर नोंदला गेला. सूर्याच्या वातावरणात विद्युत्कण खाली दाट व वर विरळ असतात. दाट थरांतून अधिक कंपनसंख्येच्या लहरी निघतात, विरळ थरांतून कमी. अर्थात् तो विलंब म्हणजे काहीतरी अतिवेगाने वर चढत असल्याची खूण होय! डोळ्यांस न दिसणारी ती चढण केवळ घड्याळावरून कळली.

इतक्या योग्यतेच्या स्त्रीस आपला विवाह लपवावा लागला. १९४४ साली त्यांचे लग्न झाले होते. पण तेथील सरकारी नोकरीत विवाहित स्त्रीस कायम जागा नसे. १९५० साली ही गोष्ट उघडकीस येऊन कायमपणा गेला. १९५१ साली अपत्यजन्मापूर्वी त्यांनी राजीनामा दिला व संशोधन कायमचे सुटले. तो नियम १९६६ साली रद्द झाला. त्यांच्या दृष्टीने पंधरा वर्षे उशिरा. तोवर त्या पुनः मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या होत्या. २५ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचे अखेरचे संशोधन सिडनीतील पॉट्स हिल येथे चालले होते. त्यांच्या नव्हेत, पण त्याच ठिकाणच्या ३२ थाळ्या पुढे भारतास भेट मिळाल्या आणि १९६५ साली आपल्या कल्याणजवळ सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.