खाशाबांचा गुडघा

मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते, महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वराची. दोन्हीकडे कुस्त्यांची दंगल होते. वर्षभर तालमीचे तोंडही न पाहिलेले आपल्यातील काही जण त्या दिवशी हलगी कडाडताच लांग चढवून आखाड्यात उतरतात. मीही एकदा असाच उतरलो. पाचच मिनिटांत गुडघा मुरगळला आणि पुढे दोन महिने वसतिगृहाच्या पायऱ्या भिंतीला धरून चढलो. त्या सक्तीच्या विश्रांतीत खाशाबा जाधवांचे चरित्र हाती आले. त्यांचे पदक सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या गुडघ्याची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळील गोळेश्वर या खेड्यात झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. वडिलांनीच त्यांना मातीची ओळख करून दिली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे. परंतु चपळाई विलक्षण आणि ढाक हा डाव तर हुकमी.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीची सवय नव्हती, आंतरराष्ट्रीय नियमांचीही नव्हती. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. तेथून परतल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी पैशांची अडचण पडली, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापक-विद्यार्थी संबंधांवर आपण नेहमी भाषणे ऐकतो. हे उदाहरण त्या सर्वांहून बोलके आहे.

हेलसिंकीत बँटमवेट गटात कॅनडा व मेक्सिकोच्या मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या इशीबरोबरची कुस्ती लांबली आणि तीत ते थकले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी, असा नियम होता. परंतु त्यांना लगेचच सोव्हिएट मल्लाशी लढावयास सांगण्यात आले आणि नियमावर बोट ठेवावयास आपला एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. तरीही कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कराडला परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवून प्राचार्यांचे पैसे परत केले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि मेलबर्न हुकले. ज्याला जगातल्या भल्याभल्यांना अडविता आले, त्याला एका सांध्याने अडविले. त्यांनी पुढे खात्यात दीर्घ सेवा केली, तरुणांना कुस्तीचे धडे दिले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. दिल्लीतील कुस्तीच्या स्टेडियमला आज त्यांचे नाव आहे.

रोज मेहनत करणाऱ्या मल्लाची ही कथा, तर वर्षातून एकदा लांग चढविणाऱ्या आपली काय मात्रा? पाऊल जमिनीत रोवलेले असताना वरचे शरीर एकदम वळले की सगळा पीळ गुडघ्यावर येतो आणि सांधा जखडून ठेवणारे बंध ताणतात, कधी तुटतात. थकलेल्या स्नायूंना हा पीळ वेळेवर सावरता येत नाही. खाशाबांना हेलसिंकीत न मिळालेला अर्धा तास केवळ जय-पराजयाचा नव्हता. थकव्यात शरीर धोक्यात येते म्हणूनच विश्रांतीचे असे नियम असतात.

आपल्या जुन्या वस्तादांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते. सरावाआधी माती खोदून भुसभुशीत करावयाची, तीत तेल, ताक, हळद घालावयाची. जोर-बैठका मारून अंगाला घाम आल्याशिवाय कोणास धरावयाचे नाही. जोड लावताना वजन, वय आणि तयारी पाहावयाची. हा केवळ रिवाज नसून हाडे-सांधे जपण्याचा बंदोबस्त होता. यात्रेच्या उत्साहात नेमका हाच बंदोबस्त आपण विसरतो. शिवाय सूज उतरली म्हणजे दुखापत बरी झाली, असे समजून पुन्हा आखाड्यात शिरतो. गुडघ्यात पूर्वीचे बळ आले की नाही हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे, ते आल्यावरच उतरावे.

रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे. तेव्हा कुस्तीची हौस आपल्या मातीतच आहे आणि ती असावीच. येत्या यात्रेत मीही पुन्हा उतरणार आहे. मात्र त्याआधी तीन महिने रोज पहाटे बैठका मारावयाच्या, असे ठरविले आहे. आज चाळीस होतात. गुडघा अजून कधीमधी कुरकुरतो, तेव्हा मी थांबतो.