मेचनिकॉफ, दही आणि दमा

दमा हा श्वासनलिकांचा आजार. त्याचा आतड्यांशी काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण आतड्यांतील जिवाणूंचा परिणाम सबंध शरीरावर होतो, हा विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका प्राणिशास्त्रज्ञाने हिरिरीने मांडला होता. त्यांचे नाव इल्या मेचनिकॉफ.

१८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खार्किव्हजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला आणि पुढे ते ओडेसाला प्राध्यापक झाले. पहिली पत्नी ल्युडमिला हिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली, तेव्हा खचलेल्या मेचनिकॉफ यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले, सावरले, १८७५ मध्ये त्यांनी ओल्गाशी दुसरा विवाह केला.

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडला होता. शरीरात घुसलेल्या जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींचा सिद्धांत यातून उभा राहिला. अशाच पेशी आपल्या फुप्फुसांतही पहारा देत असतात. १८८८ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करू लागले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल अर्लिख यांच्यासह मिळाले.

उतारवयात त्यांचे लक्ष आतड्यांकडे वळले. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, त्यातून विषे तयार होतात आणि म्हातारपण लवकर येते, असे त्यांचे मत बनले. बल्गेरियातील दहीखाऊ शेतकरी दीर्घायुषी असतात, असे त्यांच्या कानावर आले होते. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी त्या दह्यातील जिवाणू शोधला. मेचनिकॉफ स्वतः नेमाने आंबवलेले दूध घेऊ लागले. पुरावा हाती येण्याआधीच बाजारात त्या जिवाणूंच्या गोळ्या आल्या. आतड्यांतील विषांच्या भीतीने लंडनमध्ये तर रुग्णांची मोठी आतडी कापून काढण्यापर्यंत मजल गेली. १९१६ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी, हृदयविकाराने मेचनिकॉफ यांचे निधन झाले.

आतड्यांतील जिवाणू बहुतांशी शत्रू आहेत, हे त्यांचे म्हणणे चुकीचे ठरले. ते आपल्या प्रतिकारशक्तीला घडवतात, हे आता दिसते आहे. भाज्या, डाळी, कडधान्यांतील तंतू आंबवून हे जिवाणू जी आम्ले बनवतात, त्यांनी उंदरांच्या श्वासनलिकांतील ॲलर्जीची सूज कमी झाली. २०१५ मध्ये कॅनडातील संशोधकांना असे आढळले, की ज्या बाळांना पुढे दम्याचा धोका जास्त होता, त्यांच्या शौचात तिसऱ्या महिन्यातच चार प्रकारचे जिवाणू कमी होते. २०१६ मध्ये अमेरिकेतील दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. गोठ्याशी रोजचा संबंध असलेल्या आमिश मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे ५ टक्के होते, तर यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के.

निष्क्रिय जिवाणूंच्या अर्काने मुलांमधला दम्याचा त्रास टाळता येतो का, याच्या चाचण्या सुरू आहेत. मात्र दमा बरा करणारे प्रोबायोटिक आज उपलब्ध नाही. ओपीडीत पालक विचारतात, दह्याच्या गोळ्या सुरू केल्या, आता पंप बंद करू का? उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पंप अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकते. साध्या सर्दीला प्रतिजैविके देऊ नका, बाळाला अंगावर पाजा, ताटात भाज्या आणि कडधान्ये वाढा. दही आवडत असेल तर जरूर खा, पण जेवण म्हणून. मेचनिकॉफ यांची दिशा बरोबर होती. घाई झाली ती औषध बाजारात आणण्याची. ती घाई दम्याच्या रुग्णाला परवडणारी नाही.