मुंबईचा प्राणदाता हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव ऐकले नाही, असा मुंबईकर विरळाच. पोलिओच्या डोसामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. मात्र ज्या माणसाच्या स्मरणार्थ ते दिले गेले, त्याच्या आयुष्याची कहाणी फार थोड्यांना ठाऊक असते.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातील एका ज्यू कुटुंबात झाला. ख्यातनाम शास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचे ते विद्यार्थी. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत सहभागी झाल्याने त्यांना अटकही सोसावी लागली. ज्यू असल्यामुळे मायदेशी प्राध्यापकपदाची दारे बंद होती. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला आणि पुढच्याच वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. तिथे प्रारंभी मिळाले ते ग्रंथपालाचे काम. उरलेल्या वेळात प्रयोग करीत त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले व कलकत्त्याच्या वस्त्यांतून लस टोचत फिरले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांना प्लेगचे रुग्ण आढळले. पाहता पाहता शहरात हाहाकार माजला. माणसे मिळेल त्या वाटेने बाहेर पडू लागली आणि साथ साष्टीच्या गावांतही शिरली. वांद्र्याच्या गल्ल्यांतून आजही उभे असलेले प्लेगचे क्रूस त्या दिवसांची साक्ष देतात. सरकारने पाचारण केल्यावर हाफकिन ऑक्टोबरात मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सामग्रीवर त्यांनी अहोरात्र काम करून अवघ्या तीन महिन्यांत लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी इतरांना द्यायच्या मात्रेपेक्षा कितीतरी मोठी मात्रा त्यांनी स्वतः घेतली आणि तापाने फणफणूनही काम थांबवले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यांच्यात प्लेगची लागण इतरांच्या मानाने बरीच कमी झाली.

याच काळात सरकारने साथरोगाचा कायदा करून घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण सुरू केले. त्यातून उसळलेल्या संतापाची परिणती जून १८९७ मध्ये पुण्यात रँड यांच्या हत्येत झाली. हाफकिन यांची वाट वेगळी होती. लोकांनी लस स्वखुशीने घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता. आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेऊन आपल्या अनुयायांना धीर दिला, प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. १८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली.

कीर्ती शिखरावर असतानाच घाव बसला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस दिली गेली. त्यांपैकी ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशी आयोगाने प्रयोगशाळेकडे बोट दाखवले. निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पद गमवावे लागले. वस्तुतः बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. हिवतापाच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ मध्ये दहा नामवंत जीवाणुशास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून आरोप निराधार ठरवला. त्याच वर्षी हाफकिन यांना सेवेत परत घेण्यात आले, पण मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा लाभली नाही. कलकत्त्यात काही वर्षे काढून ते निवृत्त झाले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देऊन उशिरा का होईना, परतफेड झाली. आजन्म अविवाहित राहिलेल्या हाफकिन यांनी २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे अखेरचा श्वास घेतला. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

लस प्रयोगशाळेत कितीही निर्दोष उतरली, तरी दंडात सुई टोचली जाईपर्यंत तिची जबाबदारी संपत नाही, हा मुलकोवालचा धडा आहे. २०२१ मध्ये कांदिवलीतील एका गृहसंकुलात करोनाच्या लसीकरणाचे बनावट शिबिर झाल्याचे उघड झाले, तेव्हा उपनगरवासीयांना त्याची वेगळ्या रीतीने आठवण झाली. लोक बाही वर करतात ते विश्वासापोटी. तो विश्वास जपण्यासाठी हाफकिन यांनी प्रत्येक लसीची पहिली सुई स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती.